सिराज औरंगाबादी : विरहाची वही कोणी जपली?

१७६३ साली निजाम अली खानाने आपली राजधानी औरंगाबादहून हैदराबादला हलवली. दरबार गेला, दप्तर गेले आणि दप्तराच्या मागोमाग त्यावर पोट असलेली माणसेही निघाली. पुढच्याच वर्षी, हिजरी ११७७ च्या शव्वाल महिन्यात, म्हणजे ६ एप्रिल १७६४ रोजी, त्या ओसरू लागलेल्या शहरात सय्यद सिराजुद्दीन नावाचा एक फकीर वारला. वय पन्नाशीच्या आसपास. उर्दू कवितेत त्याचे नाव सिराज औरंगाबादी. मरण्याआधी जवळपास पंचवीस वर्षे त्याने गझल लिहिणे सोडलेले होते. तरीही त्याची एक गझल आज अडीचशेहून अधिक वर्षांनी कव्वालीच्या मैफलीत म्हटली जाते. ती सुरू झाली की जाणकार श्रोते सावरून बसतात. कराचीत म्हटली जाते, लाहोरात म्हटली जाते, हैदराबादेत म्हटली जाते. ज्या शहराचे नाव कवीने आपल्या नावाला जोडून घेतले, त्या शहरातल्या मराठी वाचकाला मात्र हा माणूस फारसा ठाऊक नाही.

सिराजची कविता ही प्रेमभंगाची आणि त्यानंतरच्या एकटेपणाची कविता आहे. तिच्यामागे एक आयुष्य आहे: कोवळ्या वयात आलेले उन्मादाचे वारे, एका तरुणावर जडलेला जीव, ताटातूट आणि मग दीर्घ मौन. पण इतिहास म्हणून पाहू गेले तर तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. हा कवी स्वतःची कविता जपणाऱ्यांपैकी नव्हता. दुःखात बुडालेल्या माणसाला वही सांभाळायचे भान राहत नाही. जी कविता कोणी टिपली नाही ती गेली, आणि जी मित्रांनी, शेजाऱ्यांनी, पुढच्या पिढ्यांनी उचलून ठेवली ती राहिली. एकाकी माणसाची कविता एवढा काळ तगली ती इतरांच्या सोबतीमुळे.

राजधानीचे शहर

सिराज जन्मला तेव्हा औरंगाबाद शंभरीत पोहोचले होते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गावाला राजधानीचे रूप दिले, १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आलेल्या औरंगजेबाने त्याला स्वतःचे नाव दिले. १६८२ च्या वसंतात तोच औरंगजेब बादशहा म्हणून इथे उतरला आणि पुढची पंचवीस वर्षे दख्खनमधून हलला नाही. बादशहाबरोबर उत्तरेची फौज आली, अमीर आले, कारकून आणि कारागीर आले. त्यांची बोली इथल्या दखनीत मिसळली. दखनीने मराठी आणि तेलुगूकडे आधीपासूनच कान दिलेला होता. आता तिच्यात दिल्लीचा लहेजा आला. उर्दू गझलेला लागणारी भाषा अशी इथल्या पेठांत आणि छावण्यांत घडत गेली.

या भाषेचा पहिला थोर कवी वली. त्याला वली दखनी म्हणतात, वली औरंगाबादी म्हणतात आणि गुजरातचे लोक वली गुजराती म्हणतात. १७०० मध्ये तो दिल्लीला गेला. त्याचा दीवान, म्हणजे गझलसंग्रह, १७२० च्या सुमारास दिल्लीत पोहोचला, तेव्हा फारसीशिवाय कशातही गझल शोभत नाही असे मानणाऱ्या तिथल्या कवींना आपल्याच बोलीत किती ताकद आहे याचा साक्षात्कार झाला. दिल्लीची उर्दू कविता दख्खनची ऋणी आहे ती इथे. वलीनेही ताटातूट गायली आहे. गुजरात सोडताना त्याने त्या प्रांताच्या विरहावर एक स्वतंत्र कविता लिहिली. गावाला प्रिय माणसासारखे आठवणारी ती कविता आहे. १७०७ मध्ये तो अहमदाबादेत वारला. त्याची तिथली कबर २००२ च्या दंगलीत उद्ध्वस्त करण्यात आली आणि तिच्यावरून डांबरी रस्ता गेला.

वली आणि औरंगजेब एकाच साली गेले. पुढची सतरा वर्षे दख्खनमध्ये धामधुमीची होती. ऑक्टोबर १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल्-मुल्कने मोगल सुभेदार मुबारिजखानाचा पराभव केला आणि तो दख्खनचा स्वतंत्र धनी झाला. त्याची राजधानी औरंगाबाद. १७२४ ते १७६३ अशी एकोणचाळीस वर्षे हे शहर एका राज्याचे डोके होते. सिराजचे जाणते आयुष्य जवळपास नेमके याच काळात मावते.

त्या औरंगाबादेत कविता एका भाषेत होत नव्हती. साखरखेर्ड्याहूनच आलेले अमृतराय (१६९८–१७५३) इथे कीर्तन करीत होते. त्यांचे कटाव ऐकायला माणसे लोटत. त्यांचे गुरू मध्वमुनीश्वर याच परिसरातले, समाधी शेंदुरवाद्याला. गुरुशिष्य दोघांनीही मराठीबरोबर हिंदुस्थानीतही पदे रचली. म्हणजे एका वाड्यात मराठी कटाव, पलीकडच्या हवेलीत फारसी मुशायरा आणि फकिरांच्या तकियावर दखनी गझल असा तो काळ होता. निजाम-उल्-मुल्क स्वतः फारसीत कविता करीत असे. अशा गावात कवी होणे नवलाचे नव्हते. सिराज ज्या वाटेने कवी झाला ती मात्र निराळी होती.

खुलताबादची वाट

सिराजचा जन्म १७१२ च्या सुमारास एका सय्यद घराण्यात झाला. घरात शिक्षण होते, फारसी होती. बारा-तेरा वर्षांचा असताना त्याच्यावर उन्मादाचा झटका आला आणि तो सात वर्षे टिकला. त्याने पुढे स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्या अवस्थेत त्याचे पाय एकाच दिशेला ओढले जात: खुलताबादला, शाह बुर्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याकडे.

शहराच्या पश्चिमेकडून बाहेर पडले की वाट दौलताबादच्या किल्ल्याखालून जाते आणि पुढे घाट चढून खुलताबादच्या पठारावर पोहोचते. हे अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास भरते. त्या वाटेने हा मुलगा अंगावरच्या कपड्यांचीही शुद्ध नसलेल्या अवस्थेत जाई आणि रात्र दर्ग्यात काढी. घरच्यांनी त्याला आणून साखळदंडात ठेवले, अशीही हकीकत सांगितली जाते. आजच्या घडीला आपण त्याला वैद्याकडे नेले असते. तेव्हाच्या लोकांपुढे त्या अवस्थेसाठी दोन शब्द होते. एक ‘जुनून’, म्हणजे वेड. दुसरा ‘जज्ब’, म्हणजे ईश्वराने ओढून घेतलेल्याची बेहोशी. घरच्यांनी पहिला धरला असावा, दर्ग्यातल्या माणसांनी दुसरा.

बुर्हानुद्दीन गरीब यांचाच दर्गा का, याचे उत्तर त्या संताच्या चरित्रात सापडते. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे ते शिष्य. मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली त्या लोंढ्याच्या काळात ते दख्खनमध्ये आले आणि १३३७ मध्ये इथेच निवर्तले. ‘समा’, म्हणजे भक्तिगायनाची मैफल, हा चिश्ती परंपरेचा प्राण. त्या मैफलीत बुर्हानुद्दीन आणि त्यांचे शिष्य इतक्या वेगळ्या ढंगाने डुलत आणि नाचत की त्यांच्या पंथाला ‘बुर्हानी’ हे नावच पडले. देहभान हरपणे हा त्या दारात गुन्हा नव्हता. जो मुलगा घरात मावत नव्हता तो तिथे मावला.

त्या सात वर्षांत सिराजच्या तोंडून फारसी कविता अखंड बाहेर पडत. तो बोले आणि वारा घेऊन जाई. लिहून घेणारे कोणी असते तर मोठा दीवान झाला असता, अशी खंत त्याने पुढे स्वतः व्यक्त केली. त्यातले जवळजवळ सगळे नाहीसे झाले.

याच काळात दिल्ली-आग्र्याकडे मीर तकी मीर वाढत होता. त्यालाही तरुणपणी उन्मादाने गाठले. चंद्रात त्याला एक चेहरा दिसू लागला, त्याला कोंडून ठेवावे लागले, उपचार झाले. मीरने ते आत्मचरित्रात नोंदवले आणि त्यावर मसनवीही रचली. उर्दू गझलेच्या पायाशी असलेल्या या दोन कवींची कविता वेडाच्या उंबरठ्याला शिवून आलेली आहे. पण मीर दीर्घायुषी, स्वतःच्या मोठेपणाबद्दल पूर्ण जागरूक आणि सहा दीवानांचा धनी. सिराजजवळ ती जागरूकता औषधालाही नव्हती.

पाच वर्षांच्या गझला

उन्माद ओसरला तेव्हा सिराज विशीत होता. तो शाह अब्दुर्रहमान चिश्ती या पीरांचा मुरीद, म्हणजे शिष्य, झाला. पीराच्या सहवासात त्याचे मन ठिकाणावर आले आणि त्याने दखनी-उर्दूत गझल लिहायला सुरुवात केली. हा बहर जेमतेम पाच-सहा वर्षांचा. त्याची बहुतेक सगळी थोर कविता या एवढ्या काळातली आहे.

या गझलांत प्रियकर दूर आहे, रात्र संपत नाही, मित्र सल्ले देतात आणि सल्ल्याचा उपयोग होत नाही. हे सगळे फारसी गझलेत आधीपासून होतेच. सिराजचे वेगळेपण असे की त्याच्या विरहात तक्रार फार थोडी आहे. तो प्रियकराला बोल लावत नाही, नशिबाशी भांडत नाही. दुःखाने माणसाचे काय होते याकडे तो विस्मयाने पाहत राहतो. त्याची सर्वांत गाजलेली गझल याच विस्मयाची आहे. प्रेमात थक्क झालेल्याची हकीकत ऐका, असे म्हणून ती सुरू होते आणि मग एकेक गोष्ट गळून पडत जाते: वेड, अक्कल, ‘तू’, ‘मी’. शेवटी ज्याला दुःख झाले होते तो तरी उरला आहे का, असा प्रश्न ऐकणाऱ्यालाच पडतो.

त्या गझलेची घडण मराठी गझलेच्या अभ्यासकाने जवळून पाहावी अशी आहे. तिचे वृत्त अरबी छंदशास्त्रातले ‘कामिल’. ‘मुतफाइलुन’ हा गण प्रत्येक ओळीत चार वेळा येतो. आपल्या लगावलीत मांडायचे तर ‘ललगालगा’ चार वेळा. दोन लघू धावत येतात, गुरूवर टेकतात, पुन्हा एक लघू, पुन्हा गुरू. ओळीला झोक्याची लय येते, आणि पाच अक्षरांचा तो तुकडा चौथ्यांदा येईपर्यंत म्हणणाऱ्याचे अंग आपसूक डुलू लागते. कव्वालांनी ही गझल उचलली ती अर्थासाठी, तशीच या चालीसाठी. बुर्हानी मैफलीत रात्री काढलेल्या मुलाच्या कानात ही लय भिनलेली असणार, असे मला ती ऐकताना दर वेळी वाटते.

हिजरी ११५२ मध्ये, म्हणजे १७३९-४० च्या सुमारास, हा बहर थांबला. पीरांची आज्ञा झाली की आता कविता पुरे, आणि सिराजने ती पाळली. १७३९ हे हिंदुस्थानच्या इतिहासात मोठ्या गलबल्याचे साल. मार्चमध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, मेमध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याच सुमाराला औरंगाबादेत एका पंचविशीच्या कवीने लेखणी खाली ठेवली. याची नोंद कोणत्या बखरीत होणार?

नोंद झाली ती एका पीरबंधूमुळे. अब्दुल रसूल खान हा सिराजबरोबरच त्या पीरांच्या पायाशी बसणारा. त्याने सिराजच्या विखुरलेल्या गझला गोळा केल्या आणि दीवानाच्या रीतीप्रमाणे, शेराच्या अखेरच्या अक्षरावरून वर्णानुक्रमाने लावल्या. ज्या वर्षी कवी थांबला त्याच वर्षी मित्राने ही वही सिद्ध केली. फारसी कवितेच्या वेळी असा कोणी जवळ नव्हता. या वेळी होता.

बोस्तान-ए-खयाल

पीरांची आज्ञा होती तरी दुःख आज्ञेने थांबत नाही. हिजरी ११६० मध्ये, म्हणजे १७४७ साली, सिराजने ‘बोस्तान-ए-खयाल’ ही मसनवी लिहिली. मसनवी म्हणजे दोन-दोन ओळींच्या यमकांत पुढे सरकणारे कथाकाव्य. तिच्यात साधारणपणे लैला-मजनू असतात, शहजादे आणि पऱ्या असतात. सिराजच्या मसनवीत तो स्वतः आहे. आपले प्रेम, आपली ताटातूट आणि त्यानंतरची आपली अवस्था त्याने ‘मी’ म्हणून सांगितली. मन रमावे म्हणून बागेत गेलेल्या माणसाला फुलाफुलांत हरवलेलाच चेहरा दिसतो. शेवटी काव्य ईश्वराच्या करुणेकडे वळते.

ज्याच्यासाठी हे सगळे, तो एक तरुण होता. सिराज हे झाकत नाही. फारसी-उर्दू गझलेत प्रियकराचा उल्लेख पुल्लिंगी करण्याचा संकेतच आहे, त्यामुळे गझलेवरून काही ठरवता येत नाही. पण इथे संकेताचा आडोसा नाही, इथे सांगितलेली हकीकत आहे. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० साली संपादित केलेल्या ‘सेम-सेक्स लव्ह इन इंडिया’ या ग्रंथात तिला जागा मिळाली. स्कॉट कुगल या अभ्यासकाने २०१६ मध्ये सिराज आणि हैदराबादची कवयित्री माहलका बाई चंदा यांच्यावर मिळून एक सबंध ग्रंथ लिहिला. औरंगाबादच्या एका फकिराने अठराव्या शतकात जे निःसंकोच सांगितले, ते आजही अनेक घरांत कुजबुजत बोलावे लागते. त्या मानाने त्याचे धैर्य केवढे, हे लक्षात घ्यावे.

या काव्याचे नाव म्हणजे एक नोंदही आहे. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला अब्जद पद्धतीत एक संख्या दिलेली असते आणि कवी ग्रंथाचे नाव असे निवडतात की अक्षरांची बेरीज रचनेच्या सालाइतकी यावी. बोस्तान या शब्दात बे २, वाव ६, सीन ६०, ते ४००, अलिफ १, नून ५०: एकूण ५१९. खयाल या शब्दात खे ६००, ये १०, अलिफ १, लाम ३०: एकूण ६४१. दोन्ही मिळून ११६०. हेच हिजरी साल. आणि या मसनवीतल्या शेरांची संख्याही ११६० च. प्रेमभंगाने विस्कटलेला म्हणून ज्याची ओळख, त्या माणसाने आपले दुःख किती मोजूनमापून बांधले आहे, हे या बेरजेत दिसते. उत्कटता आणि कारागिरी एका हातात नांदू शकतात. उर्दूच्या अभिजात कवींना हे ठाऊक होते, आपल्या मोरोपंतांनाही ते ठाऊक होते.

पुढच्याच वर्षी, १ जून १७४८ रोजी, निजाम-उल्-मुल्क बुर्‍हाणपूरला वारला. त्याला आणून पुरले ते खुलताबादेत, बुर्हानुद्दीन गरीब यांच्याच दर्ग्याच्या आवारात. राज्याच्या संस्थापकाला शेवटी जी जागा हवीशी वाटली, तिथेच सिराजने कोवळ्या वयातल्या बेभान रात्री काढल्या होत्या.

इतरांच्या कविता

सिराजचे पुढचे आयुष्य फकिरीचे. शहरात त्याला मान होता, भोवती शिष्य आणि चाहते जमत. स्वतः नवे लिहिणे जवळपास थांबले होते, पण कवितेशी नाते तुटले नव्हते. हिजरी ११६९ मध्ये, म्हणजे १७५५-५६ च्या सुमारास, त्याने फारसी कवींच्या दीवानांतून निवडलेल्या कवितांचा संग्रह सिद्ध केला: ‘मुंतखब दीवानहा’. याही नावाची बेरीज ११६९ च येते.

आपला आवाज आवरून धरलेला कवी दुसऱ्यांच्या ओळी वेचत बसला होता, यात मला सिराजच्या एकटेपणाचा कळस दिसतो आणि त्यातून निघालेली वाटही दिसते. प्रेम हातचे गेलेला माणूस एकतर आपल्याच दुःखाभोवती फिरत राहतो, किंवा त्याला उमगते की हे आपल्या आधी पुष्कळांनी सोसले आहे आणि नीट शब्दांत ठेवले आहे. सिराज दुसऱ्या वाटेने गेला. या संग्रहाला त्याने लिहिलेल्या प्रस्तावनेतूनच त्याच्या आयुष्याची सर्वांत भरवशाची माहिती मिळते. उन्मादाची सात वर्षे, खुलताबादच्या रात्री, हरवलेल्या फारसी कविता, पीरांची भेट, अब्दुल रसूल खानाने लावलेला दीवान आणि मग थांबणे, हे सारे तिथे थोडक्यात आहे. दुसऱ्यांच्या कवितांच्या दाराशी त्याने आपली हकीकत ठेवली.

त्याची कीर्ती एव्हाना दख्खनबाहेर पोहोचली होती. मीरने १७५२ मध्ये ‘निकात-उश्-शुअरा’ हा उर्दू कवींचा तजकिरा, म्हणजे परिचयग्रंथ, लिहिला. त्यात सिराजचा उल्लेख आहे.

पण त्याची शहरातली नोंद घेतली ती एका मुलाने. लछमी नारायण ‘शफीक’ औरंगाबादी हा १७४५ मध्ये जन्मला. वडील लाला मनसाराम निजामाच्या सरकारात पेशकार आणि ‘मआसिर-ए-निजामी’ या ग्रंथाचे लेखक. शफीकचे गुरू आझाद बिलग्रामी, अरबी-फारसीचे त्या काळातले मोठे पंडित, जे औरंगाबादेत राहिले आणि ज्यांची कबर खुलताबादला आहे. या शफीकने हिजरी ११७५ मध्ये ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ हा तजकिरा पुरा केला. नावाची बेरीज पुन्हा तीच, ११७५. पानिपत होऊन वर्षही उलटले असेल-नसेल आणि लेखक जेमतेम सतरा वर्षांचा. त्याने आपल्या गावच्या कवींना दिल्लीच्या कवींच्या बरोबरीने बसवले आणि सिराजला त्याच्या योग्यतेची जागा दिली. सिराज तेव्हा हयात होता. खत्री घरातल्या मुलाने सय्यद फकिराचे चरित्र लिहावे, याचे त्या औरंगाबादेत कोणाला आश्चर्य वाटले नाही. पुढे याच शफीकने ‘बिसात-उल्-गनाइम’ हा मराठ्यांचा फारसी इतिहास लिहिला. मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना तो त्या ग्रंथामुळे माहीत आहे. त्याचे हे पहिले काम मात्र आपल्याकडे दुर्लक्षित राहिले.

पुन्हा औरंगाबाद

राजधानी गेली, सिराज गेला, शफीकही पुढे हैदराबादला गेला आणि १८०८ मध्ये वारला. गाव मागे पडले. उर्दू कवितेचा इतिहास दिल्ली आणि लखनौ या दोनच नावांनी सांगितला जाऊ लागला. मीर, सौदा, आतिश, गालिब यांच्या तेजात दख्खनचे कवी दिसेनासे झाले. त्यांची भाषा जुनाट ठरली.

हे चित्र पालटले ते विसाव्या शतकात, आणि पालटले औरंगाबादेतूनच. मौलवी अब्दुल हक इथे शिक्षण खात्यात होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या १९०३ साली स्थापन झालेल्या संस्थेची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि संस्थेचे ठाणे औरंगाबादला आले. १९३८ मध्ये ते दिल्लीला हलेपर्यंत, पाव शतक, सबंध हिंदुस्थानातल्या उर्दू संशोधनाचे केंद्र हे गाव होते. इथून १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक निघू लागले. इथल्या इंटरमीजिएट कॉलेजचे अब्दुल हक प्राचार्य होते. जुन्या घरांतून, दर्ग्यांतून, कसरीने अर्धवट खाल्लेल्या बाडांतून त्यांनी दखनीची हस्तलिखिते शोधून काढली. बीबी का मकबऱ्याच्या बागेतल्या नामदेव माळ्यावर त्यांनी लिहिलेले शब्दचित्र उर्दू शाळांत आजही शिकवले जाते. रोपांना लेकरासारखे जपणाऱ्या त्या निपुत्रिक माळ्याचे मोल ज्याला कळले, त्याला बाडांचे मोल कळणारच.

१९२८ मध्ये अब्दुल हक यांनी शफीकचा ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ औरंगाबादहून छापला. सतरा वर्षांच्या मुलाने केलेली नोंद १६६ वर्षांनी त्याच्याच गावातून छापील रूपात बाहेर पडली. पुढे उस्मानिया विद्यापीठातले अब्दुल कादिर सरवरी यांनी निरनिराळी हस्तलिखिते ताडून ‘कुल्लियात-ए-सिराज’, म्हणजे सिराजची समग्र कविता, सिद्ध केली. १९४० मध्ये ती हैदराबादहून प्रसिद्ध झाली. आज जगात कोठेही सिराज वाचला जातो तो मुख्यतः या पाठावरून. अब्दुल रसूल खानाची वही, शफीकचा तजकिरा, अब्दुल हकांची शोधाशोध आणि सरवरींचे संपादन: दोनशे वर्षांत चार माणसांनी हे ओझे हातोहात पुढे नेले.

ही परंपरा औरंगाबादेत खंडित झाली नाही. वैजापूरला जन्मलेले सिकंदर अली ‘वज्द’ यांनी अजिंठा-वेरूळवर कविता लिहिल्या. बशर नवाज (१९३५–२०१५) यांनी ‘बाजार’ या १९८२ च्या चित्रपटासाठी लिहिलेले विरहगीत खय्याम यांच्या चालीत भूपिंदर सिंग यांनी गायले आणि ते घराघरांत पोहोचले. आठवणींनी व्याकुळ झालेले ते गाणे गुणगुणणाऱ्या बहुतेकांना त्याचा कवी आपल्या मराठवाड्यातला आहे हे माहीत नसते.

आपला सिराज

मराठी वाचकाला या कवितेत परके वाटावे असे काही नाही. औरंगाबादच्या दक्षिणेला पन्नास किलोमीटरवर पैठण आहे. हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’ त्या मातीतली. परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या, भिंतीवर दिवसांच्या रेघा मोजणाऱ्या बायकांचे दुःख महाराष्ट्री प्राकृतात दोन हजार वर्षांपूर्वी इथे लिहिले गेले. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानदेवांनी विराण्या लिहिल्या आणि ताटातुटीच्या त्याच भाषेत परमेश्वराला हाक घातली. माणसावरचे प्रेम आणि ईश्वरावरचे प्रेम यांची सीमारेषा विरहात पुसट होते, हे ज्याला ज्ञानदेवांकडून कळले आहे त्याला सिराज समजावून सांगावा लागणार नाही. फारसीचे प्राध्यापक असलेल्या माधव जूलियनांनी गझल मराठीत आणली, सुरेश भटांनी ती मराठी माणसाच्या ओठांवर रुळवली. त्या गझलेची मुळे शोधायला आपण इराणातल्या शिराजपर्यंत जातो. त्यांतले एक मूळ खुलताबादच्या घाटात आहे.

शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. सिराजच्या नावातले गाव मात्र तसेच राहणार, कारण कवीचे नाव हा इतिहासाचा कागद असतो. त्याने आपले प्रेम लपवले नाही, दुःखाचा बाजार मांडला नाही आणि लिहून झाले तेव्हा थांबायचे धैर्य दाखवले. विरहाच्या कवींमध्ये ही तीन लक्षणे एकत्र सापडणे विरळा. माझ्या मते मराठवाड्याच्या भूमीत झालेल्या थोर कवींच्या यादीत, भाषा कोणतीही असो, त्याचे नाव पहिल्या ओळीत यायला हवे.

आणि हे काम पुन्हा कोणीतरी हाती घेतले पाहिजे. सिराजच्या निवडक गझला आणि सबंध ‘बोस्तान-ए-खयाल’ देवनागरीत, शब्दार्थ आणि मराठी भावार्थासह, मराठवाड्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असल्या पाहिजेत. आपल्या विद्यापीठात मराठी विभाग आहे, उर्दू विभागही आहे. दोघांनी एका टेबलाशी बसावे एवढीच गरज आहे. अब्दुल रसूल खान, शफीक, अब्दुल हक आणि सरवरी यांनी आपापला वाटा उचलला. पुढचा वाटा मराठी माणसाचा आहे.